बोटीवरचा ट्रंक कॉल

"तीन मिनिटं झाली. वाढवू?"

असं विचारणाऱ्या आजींनी आणि त्यांच्या डोंबिवलीच्या मैत्रिणीने मला मदत केली. हे आधी सांगून टाकते. काय झालं ते मागाहून सांगेन, कारण सांगताना मी अजून घाबरते, आणि घाबरले की मुख्य माणूसच सांगायचं राहून जातं.

आजी कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. तेव्हा परगावी फोन, म्हणजे ट्रंक कॉल, करायचा तर आधी ऑपरेटरला नंबर द्यावा लागायचा. ती बोर्डवर लाइन जोडून द्यायची आणि तीन मिनिटं झाली की मध्येच विचारायची, वाढवू की तोडू. नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली, पण आजींचा प्रश्न काही संपला नाही. शेजारीण दारात गप्पा मारत उभी राहिली की त्या आतून विचारायच्या. टीव्हीवर कुणी पुढारी भाषणाला उभा राहिला की त्यालाही विचारायच्या, आणि उत्तराची वाट न बघता रिमोट दाबायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कंडक्टर रिटायर झाला तरी घरात चालताना एक हात वर करून धरायला दांडी शोधतो. आजींचं तसं कानाचं होतं. मोबाईल हातात घेतला की नंबर लावायच्या आधी कानाला लावून ऐकायच्या. "त्यात टोन नसतो हो आजी," मी म्हणायचे. "माहीत आहे ग. पण आधी लाइनीला नमस्कार करावा."

मी पेशंट सांभाळते. शाळा सातवीत सुटली. गाव परभणीकडे. माझ्या मुलीचे वडील वारले तेव्हा तिला माझ्या आईजवळ ठेवून मी इकडे आलेले. राहायला आंबिवलीला, चाळीत एक खोली. आजी घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये त्यांच्या मुलीकडे राहायच्या, त्या मुलीला मी ताई म्हणते. आजींचे गुडघे गेलेले, म्हणून दिवसभर व्हीलचेअर. सकाळी पहिलं काम म्हणजे खुर्ची खिडकीपाशी न्यायची. समोरच्या बिल्डिंगवर मोबाईलचा टॉवर आहे, तो त्या बघायच्या. "आज चार कावळे बसलेत. तरी लाइन क्लिअर." मग मला विचारायच्या, "आवाज त्याच्यात शिरतो तो नक्की कुठून, तुला काय वाटतं?" मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं, मला काय वाटतं ते. मी म्हणाले, खालून शिरत असेल, पाण्यासारखा. त्या हसल्या नाहीत. "असेलही," म्हणाल्या.

आता माझ्या मुलीचं सांगते. तिला फिट येतात. सकाळ-संध्याकाळ एक पातळ औषध असतं, त्याची एक वेळसुद्धा चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. आई आखाड्यावर राहते, म्हणजे गावाबाहेर शेतातच घर. तिच्याकडे बटणांचा साधा फोन. तिला वाचता येत नाही, पण माझा नंबर लावता येतो. म्हणून आमची खूण ठरलेली. संध्याकाळी आठला औषध पाजलं की आई एक रिंग देऊन ठेवून देणार. एक रिंग म्हणजे सगळं ठीक. दोनदा वाजलं तर मी उलट फोन करायचा.

आजींना ही खूण फार आवडलेली. आठच्या सुमाराला त्या टीव्हीचा आवाज बारीक करायच्या. माझा फोन एकदा वाजून गप्प झाला की म्हणायच्या, "परभणी आली." मग आवाज मोठा.

आणि मग ताईंनी क्रूझ बुक केली. आजींना समुद्र दाखवायचा म्हणून. मुंबईहून निघायचं, पाच दिवस पाण्यावर, परत मुंबई. व्हीलचेअर ढकलायला मी पाहिजेच, म्हणून माझंही तिकीट. मी आईला सांगितलंच नाही. बोट म्हटल्यावर तिने पाच दिवस तोंडात घास घेतला नसता. "ठाण्यातच आहे," म्हणाले. रेंजचं ऐकलेलं, पण मला वाटलेलं, घाटात जाते तशी जाईल आणि वळण संपलं की येईल. समुद्रात वळणच नसतं, हे मला कुठून माहीत असणार!

पहिल्या संध्याकाळी किनाऱ्यावरचे दिवे दिसत होते. रिंग आली. "परभणी आली," आजी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंज गेलेली, उगाच बॅटरी उतरते म्हणून ताईंनी सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाकायला लावले. वायफायचा पास एकच घेतलेला, ताईंच्या फोनवर, कारण त्या सुट्टीतसुद्धा ऑफिस करत होत्या. मला मागायचा धीर झाला नाही. आपल्याला फुकट बोटीत आणलंय, वर आणखी काय मागायचं?

आजींचं मात्र वेगळंच चाललेलं. बोटीवर वायफायचं एक काउंटर होतं, तिथे टाय लावलेला एक तरुण. आजींनी खुर्ची त्याच्यासमोर लावायला सांगितली.

"तुमची लाइन कुठल्या एक्स्चेंजला लागते?"

"मॅडम, सॅटेलाइट आहे."

"ते वर झालं हो. खाली कुठे उतरते?"

तो गोंधळला. "विचारून सांगतो, मॅडम."

"सांगा. मी उद्या येते."

त्या संध्याकाळी आठ वाजले. मी आजींना डेकवर घेऊन बसलेले. लोक फोटो काढत होते. मी फोन हातात धरून बसले. एअरप्लेन मोड काढला, घातला, परत काढला. कठड्यापाशी जाऊन हात उंच केला. आठ वाजून दहा मिनिटं झाली.

"परभणी आली नाही?" मागून आजी म्हणाल्या.

मला रडूच आलं. मग सगळं सांगितलं. आईला सांगितलं नाही तेही. आजी ओरडल्या नाहीत. पदर नीट केला, मान उजवीकडे कलती केली, जशी त्या फोनवर करायच्या. "चल. ताईकडे."

ताई केबिनमध्ये मीटिंगमध्ये होत्या, फोनवरच. आजींनी हात पुढे केला.

"आई, एक मिनिट, क्लायंट आहे."

"तीन मिनिटं झाली," आजी म्हणाल्या, आणि फोन घेतला.

ताई बघतच राहिल्या. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लॅपटॉपही बंद केला.

माझी आई व्हॉट्सॅपवर नाही. बोटीवरून साधा फोन लागत नाही. या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटणारच नाहीत असं मला वाटत होतं. आजींना मात्र त्यात नवीन काही दिसलं नाही. "दोन गावं आहेत, मध्ये बोर्डवर बाई नाही. एवढंच ना?" त्यांनी डोंबिवलीला व्हॉट्सॅप कॉल लावला. तिथे त्यांची मैत्रीण असते. दोघी एकाच बोर्डवर शेजारी शेजारी बसायच्या, एकमेकींच्या डब्यातलं लोणचं चोरून खायच्या.

"अगं, बोटीवर आहेस ना तू? बुडालीस की काय?"

"बुडाले असते तर तुला कशाला फोन केला असता? ऐक. ट्रंक बुक करायचाय. परभणी. अर्जंट."

 पलीकडचा आवाजच बदलला. एकदम ताठ. "नंबर बोला."

मी माझ्या फोनमधून वाचून माझ्या आईचा नंबर दिला. घाईत दोन आकडे उलटे पडले. डोंबिवलीने सगळा नंबर परत म्हणून दाखवला, तेव्हा चूक कळली. "सावकाश," आजी म्हणाल्या. "बोललीस की थांब. आवाजाला वर जाऊन खाली यायचंय."

डोंबिवलीच्या बाईंकडे घरातला दुसरा, साधा फोन होता. त्यांनी त्यावरून आईला फोन लावला आणि दोन्ही फोन टेबलावर एकमेकांना चिकटवून ठेवले, याचं तोंड त्याच्या कानाला. ते आम्हाला दिसत नव्हतं, नंतर त्यांनी सांगितलं. आम्हाला फक्त ऐकू आलं.

"जयभीम. कोण हाय?"

"जयभीम बाई. तुमची लेक बोटीवर आहे, सुखरूप आहे. देते तिला. बोला."

"कुठं हायेस गं माय! म्या दुपारधरून फोन लावायलेय, ती बाई म्हणती संपर्काच्या भाईर हाय!" आईचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. "अगं बाटली फुटली! मांजरानं पाडली. समदं औषध सांडलं. आठ वाजून गेले, आता पोरीला काय पाजू?"

ते औषध गावात मिळत नाही, परभणीहूनच आणावं लागतं. पण मी घाबरट आहे, म्हणून एक बाटली कायम जास्तीची ठेवते. आणि आईला ती सांगितलेली नाही, सांगितली तर ती आधी तीच उघडेल. जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी समुद्रात होते.

"आई, पत्र्याच्या पेटीत बघ! खाली, लाल लुगड्याच्या घडीत!"

उत्तर येईना. मी परत ओरडणार, तर आजींनी माझा हात दाबला. थांब. आवाज वर जाऊन खाली पोचला असावा, कारण मग पेटीची कडी वाजलेली ऐकू आली. परभणीतली कडी, डोंबिवलीच्या टेबलावरून, आभाळातून, माझ्या कानात.

मग काहीच नाही. नुसती खरखर.

"तीन मिनिटं झाली," डोंबिवलीचा आवाज आला. सवयीने आला असणार. "वाढवू?"

"वाढव ग," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "आज मी म्हणेपर्यंत तोडू नकोस."

ताई कॉटवर बसून राहिलेल्या, पायाशी चपला तशाच.

"घावली!" आई म्हणाली. आणि मग मागून माझी पोर, औषध कडू लागलं म्हणून थू थू करताना. ती थू थू मी अजून विसरले नाही.

पुढचे दिवस सोपे झाले. आई आठला, आलेला नंबरच परत दाबून, डोंबिवलीला रिंग द्यायची, आणि ताईंच्या फोनवर मेसेज यायचा: "परभणी. एक रिंग. ठीक." ताई तो मला मोठ्याने वाचून दाखवायच्या. आजी रोज सकाळी वायफायच्या काउंटरवर. "विचारलंत?" शेवटच्या दिवशी त्या तरुणाने कागदावर चित्रच काढून आणलं. बोट, बोटीवरची अँटेनाची थाळी, वर सॅटेलाइट, तिथून खाली एक चौकोन. "मॅडम, हा चौकोन कुठे आहे ते साहेबांनाही माहीत नाही." आजींनी त्याचंच पेन घेतलं आणि चौकोनात लिहिलं, डोंबिवली.

पुढे ताईंची नोकरी हैदराबादला गेली, त्यांच्याबरोबर आजीही. मी आंबिवलीतच, दुसरा पेशंट बघते. गेल्या वर्षापासून आजींना ऐकू येत नाही. कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून डबीत पडलेलं असतं. डोंबिवलीच्या बाई फोन करतात, हॅलो हॅलो म्हणतात आणि ठेवून देतात. मेसेज पाठवा म्हटलं तर म्हणतात, "तिचा आवाज ऐकायचाय ग, अक्षरं काय करू?"

मी रोज आठला आजींना एक रिंग देते. त्यांना ऐकू जात नाही, पण ताई सांगतात, फोन त्यांच्या मांडीवर, हातात धरलेला असतो, तो थरथरतो. मग त्या मान उजवीकडे कलती करतात आणि म्हणतात, "आंबिवली. ठीक."

मुलगी आता तिसरीत आहे, पाटीवर सुवाच्य लिहिते. तिला घेऊन एकदा हैदराबादला जायचं आहे, आणि मी जाणारच. डोंबिवलीला फोन लावीन, कानाला मी धरीन. बाई जे बोलतील ते मी सांगेन, पोर पाटीवर लिहील, आजी वाचतील आणि फोनमध्ये बोलतील. मध्ये बोर्डवर मी बसेन.

तीन मिनिटं झाली तरी विचारणार नाही.