हात लावू नका

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. कॉलेजच्या मैदानावर फक्कीकाका पाठ वाकवून, ताणलेल्या दोरीच्या कडेने गोलपोस्टसमोरची चौकट आखत होते. मैदानावर मारायच्या पांढऱ्या भुकटीला मुलं फक्की म्हणतात, म्हणून हे फक्कीकाका. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येई.

"काका, रेघ तिरकी गेली," फुटबॉलचा कप्तान बुटांच्या नाड्या आवळत म्हणाला.

"रेघ सरळ आहे. तुझी मान वाकडी आहे. रात्री उशी घेऊन झोपत जा."

काका मैदानसेवक म्हणून लागले तेव्हापासून प्रथमोपचाराची पेटी त्यांच्याकडेच असायची. गुडघे फुटायचे, नखं उचकटायची. काका जखम धुवायचे, औषध लावायचे आणि वर "अरे, अजून लावलं पण नाही, आधीच कसला बोंबलतोस" असं ऐकवायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचा ताप हटेना. तपासण्या झाल्या आणि रक्तात एचआयव्ही निघाला. तो कुठून आला ते त्यांना ठाऊक होतं, बायकोलाही कळलं. त्यावर घरात एकदाच बोलणं झालं, तेही दार लावून. बायकोचा आणि मुलीचा अहवाल स्वच्छ आला. मुलीला सांगितलं, की काविळीची तपासणी होती. पुढे ती याच कॉलेजात आली. दर वेळी नवराबायकोचं ठरायचं, परीक्षा होऊ दे, मग सांगू. परीक्षा संपत, नव्या सुरू होत. काकांना एकाच गोष्टीची धास्ती होती : पोरीला हे बाहेरून कळता कामा नये.

त्याच सुमारास कॉलेजने आरोग्य कक्ष काढला. एड्सबद्दलची पत्रकं प्रत्येक मजल्यावर लागली. 'भेदभाव नाही, गुप्ततेची हमी' असा मजकूर, खाली प्राचार्यांची सही. कक्षाच्या प्रमुख मॅडम मानसशास्त्र शिकवायच्या. काका त्यांच्याकडे गेले, दार लोटलं आणि सांगून मोकळे झाले. नोकरीला धक्का लागणार नाही, असा शब्द मॅडमनी दिला आणि पाळला. कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

फक्त एक केलं. मैदानावर कधी काही घडलं तर काकांवर बालंट येईल, या काळजीपोटी त्यांनी पेटी कॉलेजच्या दवाखान्यात हलवायला लावली आणि क्रीडाशिक्षकांना निरोप दिला, "काकांना रक्ताला हात लावू देऊ नका." कारण सांगितलं नाही. सरांनीही विचारलं नाही. आलेला हुकूम पाळायचा, हा त्यांचा खाक्या. दवाखाना दहाला उघडतो आणि सराव साडेसहाला सुरू होतो, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्या सकाळी रेघा आखून झाल्या होत्या, सराव रंगात आलेला. गोलरक्षकाने चेंडूवर झेप घेतली आणि त्याचं कपाळ खांबावर आदळलं. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. काका खांबामागेच उभे होते. खांद्यावरचा धुतलेला टॉवेल काढून ते खाली बसले आणि जखम दाबून धरली.

"काका, हात लावू नका!" पलीकडच्या टोकाकडून सर धावत, ओरडत आले. "बाजूला करा रे त्यांना! रक्त आहे तिथे!"

चेंडू गडगडत रेषेबाहेर गेला. कुणी तो आणायला गेलं नाही.

"का, सर?" कप्तानाने विचारलं.

सर गडबडले. "मला काय माहीत? आरोग्य कक्षातून सांगितलंय."

आरोग्य कक्ष म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे ती पत्रकंच यायची. कुणी एकमेकांकडेही पाहिलं नाही. गोलरक्षकाने भुवईवरचा टॉवेल काढला, एका डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तो हळूच गवतावर ठेवला. मग बाहीने रक्त पुसत तो उठला.

साडेदहाच्या सुमारास मॅडम मैदानाकडच्या खोलीत आल्या. काका जाळीची गाठ सोडवत होते.

"मी कुणालाच सांगितलं नाही हो," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या.

"माहीत आहे, मॅडम. सांगावं लागलंच नाही."

"हातमोजे द्यायला हवे होते. तुम्हाला, सरांना, सगळ्यांनाच. रक्त कुणाचंही असो. आणि त्या मुलाला तुमच्यामुळे काही झालेलं नाही, मी आत्ता त्याला तेच सांगून आले." त्या थांबल्या. "तुम्ही स्वतः मुलांपुढे बोललात तर? त्यांची भीती जाईल."

"मला आधी एकीशी बोलायचंय," काका म्हणाले आणि जाळी तशीच टाकून निघाले.

मुलगी वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसली होती, शेजारची जागा रिकामी. बापाला पाहून ती उठली नाही.

"कावीळ होती ना, बाबा?"

काका एक पायरी खाली बसले.

"सकाळपासून तिघींनी विचारलं, तुझीपण तपासणी झाली का म्हणून. मी म्हटलं, हो, काविळीची. त्या हसल्या नाहीत, बाबा. हसल्या असत्या तर बरं झालं असतं."

"तुला काही नाही. आईलाही नाही. देवाशपथ."

"तुमचं काय?"

"गोळ्या चालू आहेत. चुकवत नाही. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर काही होत नाही."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

याचं उत्तर काकांपाशी होतं, पण ते दोन वर्षं जुनं झालं होतं. मुलीने दप्तर खांद्याला लावलं. "मी मावशीकडे जातेय. आईला सांगा." बापाने तिला कधीच न सांगितलेली गोष्ट आईलाही माहीत होती, हे तिच्या लक्षात तेव्हा आलं असावं, कारण दोन पायऱ्या उतरून ती वळली आणि म्हणाली, "नका सांगू. मीच फोन करीन."

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. खुर्ची दिली, पाणी मागवलं. कारवाई वगैरे काही नाही, पालकांचे फोन यायच्या आत थोडं वातावरण निवळू द्यावं, इतकंच, असं ते म्हणाले. मॅडमही तिथे होत्या; त्यांनी विरोध केला. प्राचार्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

उद्यापासून काकांचं काम परीक्षा विभागात, तळघरातल्या कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या गोदामात. वेळ साडेदहा ते साडेपाच. मैदानाला सध्या माणूस नाही. उद्या साडेसहाचा सराव रद्द आहे.