जाऊबाईंची विलायतेची तयारी

आकाशातून जातानासुद्धा दुधाचा एक थेंब पोटात जाऊ न देण्याचा बंदोबस्त करणारं माणूस जगात एकच झालं असेल, आणि ते आमच्या घरात होतं. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. लोक परदेशी जाताना काय काय बघायचं ते ठरवतात. जाऊबाईंनी काय काय खायचं नाही ते ठरवलं, आणि त्यातच एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला.

अंडं-मटण आमच्या घरात नव्हतंच. दूध त्यांनी फार पूर्वी सोडलं. पिंपळगाव रेणुकाईला, त्यांच्या माहेरी, म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस पान्हा सोडीना, म्हणून गड्यानं त्या रेडकाच्या कातड्यात भुसा भरून ते तिच्यापुढं उभं केलं. म्हैस त्याला चाटत राहिली आणि दूध देत राहिली. ते पाहून जाऊबाई परत आल्या त्या दूध, दही, ताक, तूप सगळं सोडूनच. कुणाला उपदेश केला नाही, आमच्या वरणावरच्या तुपाला नाव ठेवलं नाही. स्वतःपुरती करडई भिजवायच्या, वाटायच्या, फडक्यातून पिळून तिचं दूध काढायच्या आणि त्याचा चहा करून प्यायच्या. तो चहा मी एकदा घेतला होता. त्याबद्दल काही लिहीत नाही.

त्यांची एकुलती लेक लग्न होऊन विलायतेला गेली होती. जावई तिथं डॉक्टर. लेकीला दिवस गेले तेव्हा तिचं करणारं तिकडे कुणी नव्हतं, म्हणून जावयांनी जाऊबाईंना तिकीट पाठवलं. दुसरी बाई असती तर विमानाला भ्याली असती. जाऊबाई फक्त लोण्याला भ्याल्या. आमच्या नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीतले एक साहेब परदेश पाहून आले होते. त्यांच्या घरी जाऊन जाऊबाईंनी विचारलं, "तिकडं पावाला लोणी लावत्यात म्हणं. कोरडाच मागितला तर भांडत्यात का?" साहेबांनी बराच विचार केला आणि भांडत नसावेत असं सांगितलं.

मग तालीम सुरू झाली. विमानात पट्टा बांधून बसून राहावं लागतं म्हणून जाऊबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या, पोटाला धोतराचा पट्टा बांधला आणि गाठोड्यातले धपाटे खाऊन दिवस काढला. भाकरी करताना मी त्यांच्या भोवतीनं फिरत होते. गाठोड्यात सातूचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, करडई आणि दगडी वरवंटा. थोरले भाऊजी म्हणाले, "वरवंटा कशाला नेऊन राह्यली? ते लोक म्हणतील, बाई बाळंतपणाला आली का मारामारीला?" जाऊबाईंनी वरवंटा साडीत गुंडाळून आणखी खाली ठेवला.

इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांनी खुणा ठरवल्या. डोक्यावर दोन्ही हातांनी शिंगं दाखवायची, मग धार काढल्यासारखं करायचं आणि शेवटी हात हलवून नको म्हणायचं. ते जमतं का बघायला आम्ही दोघी अंबडला गेलो. बसस्टँडवरच्या चहावाल्यापुढं त्यांनी शिंगं केली, धार काढली, हात हलवला. त्याला वाटलं, मुक्या बाईची म्हैस हरवली. त्यानं बाजारात माणूस पिटाळला आणि धीर यावा म्हणून साय घातलेला चहा फुकट पुढं ठेवला. मी लाजून खांबामागं. जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, मन लई मोठं हाय तुमचं, पन मला दूध चालत न्हाई." त्या माणसाच्या हातातली किटलीच सुटली. परतीच्या बसमध्ये त्या म्हणाल्या, "चुकलं कुठं ते कळलं. नको आधी म्हनायचं, शिंगं मंग."

एवढी तयारी केलेल्या जाऊबाई अडल्या त्या आमच्याच उंबऱ्याशी.

निघायच्या दिवशी टांगा दारात उभा होता. सासूबाई, ज्यांना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो, दह्याची वाटी घेऊन आल्या. बाहेरगावी निघणाऱ्याच्या हातावर दही दिल्याशिवाय त्या कुणाला सोडत नसत. मामंजी एकदाच दही न खाता बैलगाडीत बसले होते आणि घरी जिवंत आले नव्हते. आत्याबाईंनी जाऊबाईंच्या तळहातावर दही घातलं आणि वाट बघत उभ्या राहिल्या. जाऊबाई हाताकडं बघत राहिल्या. भाऊजींनी चाट म्हणून खुणावलं. गाडीची वेळ होत आली होती.

"पोरीकडं जायाचंय मला, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "पन हे पोटात न्हाई जायचं."

"मंग जाऊ नको," आत्याबाई म्हणाल्या.

जाऊबाई ट्रंकेवर बसल्या. दही सांडू नये म्हणून हात तसाच धरलेला, आणि डोळ्यांतून पाणी. त्या खरंच जाणार नाहीत हे मला कळलं. लेकीसाठी जीव तुटत होता, तरी बाई उठेना.

भाऊजींपुढं मी कधी वर मान केली नव्हती. पण मी पुढं झाले, वाकले आणि जाऊबाईंच्या हातावरचं दही खाऊन टाकलं.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग जाऊबाईंकडं.

"तिच्याच हातावरचं हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "चालंल. जा माय, पोरगी वाट बघत आसंल."

टांगा वळेपर्यंत जाऊबाई मागं बघून ओला तळहात हलवत होत्या. मी कुठं जाणार नव्हते. घरात येऊन चुलीपुढं बसले. दुपार कलेपर्यंत पाणी प्याले नाही. दही जाऊबाईंच्या प्रवासाचं होतं; ती आंबट चव जिभेवर जितकी राहील तितकी राहू दिली.