शेवटचा सिनेमा, मराठीत

हे फेब्रुवारीत गेले. मला रडू आलं नाही. मुलगी धास्तावली. "आई, यू शुड टॉक टू समवन," म्हणाली. मी म्हटलं, बोलते की, दुकानातल्या बाईशी रोज बोलते. खरं म्हणजे आत काही हलतच नव्हतं. सकाळी चहा दोन कप टाकायचे आणि एक ओतून द्यायचे. त्याचंही वाईट वाटत नव्हतं.

एप्रिलमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. "काकू, काकांचं लास्ट लेक्चर राहिलंय. हॉल बुक आहे. कॅन्सल करू, की तुम्ही त्यांच्या नोट्स वाचाल?" आमच्या गावात, शॉमबर्गला, लायब्ररीच्या हॉलमध्ये मंडळ महिन्यातून एकदा जुना सिनेमा दाखवतं आणि त्याआधी वीस मिनिटं हे बोलायचे. या वर्षी त्यांनी एकच माणूस धरला होता, ब्लॅक अँड व्हाइट जमान्यातला एक लेखक-दिग्दर्शक. जन्मभर पंपांची डिझाइनं करणाऱ्या माणसाला त्याचं एवढं काय वेड होतं, देव जाणे. मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

वही त्यांच्या टेबलावरच होती. तो दिग्दर्शक मुळात लेखक. स्टुडिओच्या एका खोलीत बसून संवाद पाडणाऱ्या पाचसहा जणांतला एक. त्याने लिहिलेलं सेटवर कोणीतरी बदलायचं, नट अर्धं गाळायचे आणि पडद्यावर भलतंच यायचं. शेवटी तो अडून बसला की यापुढे मी लिहिलेला सिनेमा मीच करणार. काही वर्षं त्याची चलती होती. मग दोन सिनेमे ओळीने आपटले आणि स्टुडिओने त्याचे फोन घेणं बंद केलं. कसाबसा एक शेवटचा सिनेमा त्याने केला, तोही चालला नाही. पुढे मरेपर्यंत तो रोज सकाळी टाय बांधून लिहायला बसायचा आणि ते कोणी घ्यायचं नाही. वहीत एका वाक्याखाली ह्यांनी दोनदा रेघ मारली होती: 'या माणसाचं सगळ्या जगाशी एकच भांडण होतं, माझा शब्द बदलू नका.'

मंडळ दाखवणार होतं तो हाच शेवटचा सिनेमा, आणि तो मी पाहिलेला होता. लग्न होऊन इथे परदेशात आले तेव्हा माझं इंग्रजी परीक्षेपुरतं. शनिवारी हे व्हिडिओ कॅसेट आणायचे, सोफ्यावर शेजारी बसायचे आणि पात्र बोललं की कानाशी मराठीत सांगायचे. पुढे मला इंग्रजी आलं, मी नोकरीही केली, पण सवय राहिली ती राहिलीच. वकील, विमावाला, डॉक्टर, सगळ्यांचं ह्यांनी ऐकायचं आणि मग मला सांगायचं. मलाही ते बरं पडायचं.

वाचायच्या आधी एकदा बघावा म्हणून दुपारी सिनेमा लावला, कॅप्शन सुरू करून. गोष्ट एका नावाड्याची. शेवटी तो दारात उभा असतो, बायको त्याला मफलर गुंडाळते, तो काहीतरी बोलतो आणि जातो. मग ती ओट्याशी उभी राहून कांदा चिरते आणि रडते. तेव्हा सोफ्यावर ह्यांनी मला सांगितलं होतं, "तो म्हणतोय, मासे घेऊन येतो, कांदा चिरून ठेव." मी विचारलं होतं, मग ती रडते कशाला? "अगं, कांदा!" म्हणाले होते. आम्ही दोघंही हसलो होतो.

पडद्यावर खाली अक्षरं उमटली. मी परत येणार नाही, तो म्हणत होता. माझ्यासाठी दिवा लावून ठेवू नकोस.

मी तेवढाच भाग पुन्हा लावून पाहिला. मग मला हॉस्पिटलची लॉबी आठवली. मागच्या ऑक्टोबरात हे डॉक्टरांकडे एकटेच आत गेले, मी खाली बसून होते. बाहेर आले, टोपी घातली. मी विचारलं, काय म्हणाले हो? "गोळ्या बदलल्यात. उन्हाळ्यापर्यंत ठणठणीत होईन म्हणाले. घरी गेल्यावर पिठलं कर." मी केलं. माहीत असतं तर चार महिने मी काय काय बोलले असते! मला राग आला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा काहीतरी आलं, तर तो हा राग. टीव्ही बंद केला आणि त्यांच्या खुर्चीकडे पाठ करून जेवले.

कार्यक्रमाच्या दिवशी नोट्स वाचल्या. आवाज कापला नाही. रेघ मारलेलं वाक्य मात्र गाळलं. मग दिवे मंद झाले आणि मी पुढच्या रांगेत जाऊन बसले. शेजारी कोणाच्या तरी सासूबाई होत्या, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आलेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. सून मागे नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. दर दोन मिनिटांनी आजी माझा दंड धरायच्या, "काय म्हणाला हो तो?" आणि मी सांगायचे.

नावाडी दारात आला. बायकोने मफलर गुंडाळला. तो बोलला.

"काय म्हणाला?"

मी आजींकडे पाहिलं. डोळे मोठे करून, तोंड किंचित उघडं ठेवून त्या वाट बघत होत्या. ह्यांना मी अशीच दिसत असणार, सोफ्यावर आणि लॉबीतही.

"मासे घेऊन येतो म्हणतोय," मी म्हटलं. "कांदा चिरून ठेव म्हणतोय."

"मग ती रडते कशाला?"

"कांदा," मी म्हटलं आणि तळहाताने गाल पुसले. आजींनी पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात ठेवला.