सकाळी साडेआठचा दिवस

ईशा, नील,

तुम्ही आजीला युनिफॉर्ममध्ये फक्त फोटोत पाहिलं आहे. मी हवाई दलाच्या हवामान शाखेत होते. विमान उडण्यापूर्वी वैमानिकांना हवामानाचं ब्रीफिंग देणं हे माझं काम. विंग कमांडर म्हणून निवृत्त झाले, पुण्यात स्थायिक झाले आणि आपत्कालीन नियोजनाच्या एका कार्यालयात सल्लागार म्हणून रुजू झाले. तिथून रोज सकाळी राज्यभराचा अंदाज निघतो: पाऊस, पूर, दरडी, वीज. अकरा वाजता सगळ्या जिल्ह्यांचे अधिकारी व्हिडिओ कॉलवर येतात.

पहिल्याच आठवड्यात मी रीड-बॅक सुरू केला. अंदाज ऐकून नुसतं 'ओके' म्हणायचं नाही. काय समजलं आणि काय करणार, ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. वैमानिकांचा हा नियम जिल्ह्यांना रुचला नाही.

"मॅडम, पाढे म्हणून दाखवू का?" घाटाकडच्या जिल्ह्याचे तांबोळी म्हणाले.

"पाढे येत असतील असं धरून चालते. अंदाज सांगा."

जुलैतल्या एका सकाळी घाटासाठी पहिल्या दिवसाचा रेड अलर्ट होता, दुसऱ्या दिवसाचा ऑरेंज. तांबोळींची पाळी आली.

"आज रेड. बचाव टीम रात्री बारापर्यंत तयार. बाराला स्टँड-डाउन, टीम मोकळी. डोंगराखालच्या वाडीला सूचना दिली आहे, हलवण्याची गरज दिसत नाही. इथे ऊन पडलंय."

मी पेन खाली ठेवलं.

"निगेटिव्ह. हवामानाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. मुख्य पाऊस पहाटे आहे. तो पहिल्या दिवसातच मोडतो."

"म्हणजे बारानंतर आम्ही झोपलो असतो."

"आणि वाडीही. दिवसाउजेडी हलवा."

"या उन्हात? लोक हसतील, मॅडम. पुण्यात बसून सांगणं सोपं आहे."

"हसू द्या. गावच्या शाळेत बसून हसतील. आता रीड-बॅक."

त्यांनी लिहून घेतलं. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "वाडी पूर्ण रिकामी. अंधारापूर्वी. टीम उद्या साडेआठपर्यंत जागेवर."

"करेक्ट."

वाडीत मोबाइलला रेंज नव्हती. संध्याकाळी वायरलेसवर टीमचा आवाज आला.

"कंट्रोल, सगळे बाहेर. एक आजोबा म्हशीला सोडून यायला तयार नाहीत. ओव्हर."

"म्हशीसकट आणा. ओव्हर," मी म्हणाले.

"रॉजर. म्हशीसकट."

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात पोहोचले तेव्हा तांबोळी लाइनवर थांबलेच होते.

"मॅडम, पहाटे डोंगर खाली आला. खालच्या आळीत एकही घर उभं नाही." ते पुढे म्हणाले, "घरांत कोणीच नव्हतं. शाळेत हेडकाउंट घेतला. सगळे आहेत. म्हैस व्हरांड्यात आहे, मुख्याध्यापक चिडलेत."

आमच्या खोलीत टाळ्या वाजल्या. मी वाजवू दिल्या. शिस्त नंतरही पाळता येते.

त्या दिवशी अकराच्या कॉलवर रीड-बॅकची सुरुवात तांबोळींनी आपणहून केली. शेवटी विचारलं, "मॅडम, ही पद्धत आपल्याला कुणी शिकवली?"

फ्लाइट लेफ्टनंट अनिरुद्ध साठे. माझ्या पहिल्या स्टेशनवरचे हेलिकॉप्टर पायलट. माझं प्रत्येक ब्रीफिंग ते परत म्हणून दाखवायचे आणि इतरांनाही लावायचे. एका पुरात छपरांवर माणसं अडकली होती. ढग खाली उतरतील, असं मी सांगितलं. त्यांनी तेही नेमकं परत सांगितलं आणि गेले. दोन फेऱ्यांत माणसं आणली. तिसऱ्या फेरीहून हेलिकॉप्टर परतलं नाही. हे सगळं मी कॉलवर सांगितलं.

संध्याकाळी मी कर्वेनगरला गेले. साठ्यांच्या आई तिथे एकट्या राहतात. वाडीची हकिकत त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

"लहान मुलं होती का गं वाडीत?"

"होती. शाळेच्या वर्गात गाढ झोपली होती म्हणे."

त्या खुर्चीचा हात धरून उठल्या. "मग बस जरा. अनिरुद्धला आवडायचा तसा शिरा करते."