खोलीबाहेरचा सौदा

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर. दोन हजार सहाच्या जूनमधल्या एका शनिवारी, दुपारी पाच वाजून दहा मिनिटांनी, दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये. करणारा माझा सख्खा भाऊ. ठिकाण, युट्रेख्टमधला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

मी तेव्हा एकवीस वर्षांची. पुण्यात कॉलेजच्या फाटकावर पत्रकं वाटून तयार झालेली, इथे दादाकडे राहून शिकत होते. दादा आणि त्याचे ऑफिसातले दोन मित्र सुट्टीला आमच्याकडे टेनिस बघत आणि सेटचा बाजार मांडत. इंटरनेटवर लोक हे खऱ्या पैशांनी करायचे. आमच्याकडे नुसते गुण. खेळाडूची चिठ्ठी घ्यायची. त्याने सेट जिंकला तर चिठ्ठीला दहा गुण, हरला तर शून्य. तोवर दर पॉइंटला भाव खाली-वर. एकाने 'घेतली' आणि दुसऱ्याने 'दिली' म्हटलं की सौदा पक्का.

चौथी व्यापारी वहिनी. जूनअखेर ज्याचे गुण सगळ्यांत कमी, त्याने गणपतीला साठ माणसांचे मोदक करायचे, ही अट तिचीच. एरवी ते मोदक दरवर्षी कुणी न ठरवताच तिच्या गळ्यात पडायचे. आणि यंदा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिची डच भाषेची परीक्षा होती. पास झाली तर एका दातांच्या दवाखान्यात नोकरी.

तो शेवटचा सामना. वहिनी सगळ्यांच्या मागे, तिच्या जरा पुढे दादा. डच खेळाडूला सेट पॉइंट, सर्व्हिस समोरच्याची. पहिली जाळीत.

"चहा कुठेय?" दादा ओरडला.

"गाळतेय!" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. आणि लगेच, "डचवाल्याच्या दहा घेतल्या! सातने!"

"दिल्या! आलं घातलंयस ना?"

दुसरी सर्व्हिस बाहेर. सेट डचवाल्याचा, दादाचे तीस गुण वहिनीला, आणि शेवटचा नंबर दादाचा.

दादा उठला, गुण मांडायच्या फळ्यावर त्याने लिहिलं : 'खोलीबाहेरचे सौदे बाद.'

"हा नियम कधीचा?" मी विचारलं.

"पहिल्यापासूनचा. लिहायचा राहिला होता."

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा : 'चहा करणारीला बाजार बंद!' चाळीस प्रती काढल्या, इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत वाटायला. घड्या घालताना वहिनी शेजारी येऊन बसली.

"इतक्यात वाटू नकोस गं."

"का? त्याला घाबरतेस?"

"नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे त्या आजी राहतात ना, त्यांच्याकडे केबल आहे. आपली डिश चार-पाच सेकंद मागे असते. डचवाल्याने पॉइंट घेतला की त्या किंचाळतात, मग आपल्याकडे पॉइंट होतो."

"म्हणजे तुला आधीच कळलं होतं?"

"आजींना आधी. मला नंतर."

"मग हे रोज का नाही केलंस?"

"त्या फक्त डचवाल्यासाठीच ओरडतात. आणि तो मेला दर वेळी पहिल्याच फेरीत घरी जातो."

मी चाळीस पत्रकांकडे बघत बसले. मग पेन काढलं आणि प्रत्येकावर हाताने एक ओळ वाढवली : 'भिंत सर्वांना खुली होती.'

दुसऱ्या दिवशी दादाला पहिली प्रत दिली, वहिनीच्या देखत सगळं सांगितलं.

"ही तर सरळ चीटिंग आहे!"

"तीन वर्षं राहतोयस इथे. मॅच चालू असताना त्या भिंतीपाशी एकदा तरी उभा राहिलायस?" मी विचारलं.

दोन मित्रांपैकी एक चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "लेका, तू 'दिल्या' म्हणालास. मी ऐकलंय. आल्याचंही ऐकलंय."

फळा पुसला गेला. गणपतीला मोदक दादाने केले. ते सगळे वाफेतच उघडले. साठ माणसांनी उकड आणि सारण वाटीत घेऊन चमच्याने खाल्लं. वहिनी त्या वेळी आतल्या खोलीत दार लावून डच क्रियापदं घोकत होती. पास झाली.

तुम्ही हे वाचताय, आणि तुमच्या घरातही कुणीतरी आत चहा करतंय. पान मिटा. उठा, तिच्या हातातली गाळणी घ्या आणि त्या भिंतीपाशी तुम्ही उभे राहा. आत्ता.