यादीत न लिहिलेला रिफंड

गोहलपुरातल्या वर्कशॉपच्या भिंतीवर मनोहरकाकांनी प्रत्येक पान्याची, हातोडीची आकृती पांढऱ्या रंगाने काढून ठेवली होती. संध्याकाळी प्रत्येक औजार आपापल्या आकृतीवर टांगल्याशिवाय शटर खाली यायचं नाही. एखादी जागा रिकामी दिसली की कारागिरांना म्हणत, "जे नाही ते पहिले सांगा. शोधू मागाहून."

महाराजपुरात ते आमचे शेजारी. मी करसल्लागाराकडे नोकरीला, म्हणून त्यांचं रिटर्न मीच भरायची. एका मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे बुडवले, बँकेचं कर्ज थकलं, आणि काकांनी कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज करायचं ठरवलं. मालमत्तेची यादी मी लिहायला बसले. ते सांगत गेले: लेथ, ड्रिल, स्कूटर आणि चहाचा थर्मास.

"काका, थर्मास कोण नेणार आहे?"

"नेणार नाही जी. पण आहे ना तो?"

एक गोष्ट मात्र मी मुद्दामच लिहिली नाही. त्यांच्या बिलांतून कापलेला तीसेक हजारांचा कर परत यायचा होता. काकूंना काचबिंदू, एक डोळा गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन लवकर करा म्हणून डॉक्टर मागे लागलेले. रिफंड लिहिला की तो बँकेच्या घशात जाणार, असा माझा हिशेब. काकांनी न वाचता सही केली. मी लिहिलेलं ते कधी वाचत नसत.

महिन्याभराने मोबाइल घेऊन आले. "बेटी, हे पैसे आले. यादीत आहेत काय?"

"विसरले मी," मी खोटंच बोलले. "राहू द्या ना काका. काकूंचं ऑपरेशन करून टाका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइल खिशात टाकला. "चलो. भूल झाली तर सांगून येऊ."

कोर्टात त्यांनी भूल स्वतःची म्हणून सांगितली. न्यायाधीशांनी सगळ्यांसमोर सुनावलं. पैसे जमा करून घेतले. बाहेर काकांचे वकील चिडून म्हणाले, "आधीच लिहिलं असतं तर ऑपरेशनसाठी कोर्टाकडून पैसे मागून घेतले असते. आता आपल्यावर कोण विश्वास ठेवणार?"

मी गप्प उभी होते. त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते.

"काहून रडून राहिली?" काका रिक्षात म्हणाले. "मले समजलं होतं तेव्हाच. घरी मात्र बोलू नको. तुझ्या काकूचा लय भरवसा आहे तुझ्यावर."

ऑपरेशनचे पैसे जमेपर्यंत दुसरा डोळाही गेला. मागच्या वर्षी काका गेले, आणि मी अजून बोललेले नाही.

पेन्शनचा, बँकेचा कुठलाही कागद आला की काकू भिंत चाचपत माझ्या दारात येतात. "वाच बरं पोरी. तुझे काका सांगून गेले, तिच्याकडूनच वाचून घेत जा. ती काही सोडत नाही."

मी प्रत्येक कागद अगदी तळाच्या शिक्क्यापर्यंत वाचते.