बाबांच्या कॅसेटी, नव्या वेबसाइटवर

गाण्यांवरचा माझा जुना ब्लॉग आज नव्या वेबसाइटवर हलवला आणि उघडून पाहिला, तर शिसारीच आली. बाबांच्या कॅसेटींवरच्या लेखात मधोमध पोट साफ करणाऱ्या चूर्णाची जाहिरात नाचत होती.

पोलाद कारखान्याच्या वसाहतीतली, सेक्टर दोनच्या क्वार्टरमधली ती संध्याकाळ आठवली. बाबा नुकतेच ड्यूटीवरून आले होते, अंगाला प्लांटचा, तापल्या लोखंडाचा वास. मी नवी कॅसेट पुढे धरली, तर ते मागेच सरकले.

"थांब, मले हात धुऊ दे. गाण्याले काजळी लागन."

मग लाल साबणानं कोपरापर्यंत हात घासत बसले. तेव्हा मला तो नखरा वाटला होता.

जाहिरात बंद करायला गेले, तर दुसरी उघडली, मूळव्याधीची. शी! तो लेखच काढून टाकला. मग उठले आणि साबणानं हात धुतले.